झुंबरबाईंची लाल डबी

लोहगडवाडीच्या झुंबरबाईंनी सख्ख्या दिराच्या पोराचे हातपाय बांधून त्याला गाडीत कोंबलं आणि गावभर धिंड काढली, ही बातमी एका रविवारी दुपारी वाडीतून निघाली आणि दिवेलागणीला उर्स्याच्या टोलनाक्यावर पोचली. वाटेत मळवलीत तिला दोरी मिळाली, कामशेतला तोंडात बोळा मिळाला, आणि टोलनाक्यावरच्या पोरांनी तर त्या पुतण्याला थेट डिकीतच घातलं.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. दोरी नव्हती. बोळा नव्हता. डिकीत पाण्याचे कॅन होते, तिथं माणूस मावलाच नसता. पुतण्या, म्हणजे कैलास, आपल्या पायांनी चालत आला आणि आपल्या हातांनी दार उघडून आत बसला. हातपाय बांधायची गरजच नव्हती. एकदा आत बसल्यावर ते हलवायला जागाच उरली नव्हती. आणि धिंड हा शब्द झुंबरबाईंना मुळीच पसंत नाही. त्या म्हणतात, "पाव्हण्यास्नी गाव दाखवलं."

पण हे सगळं कळायला आधी बाई कळायला हवी.

झुंबरबाई तिकोणा पेठेच्या माहेरवाशीण. साठीला टेकल्यात, अंगानं काटक, नाकात चमकी, आणि आवाज असा की गडाच्या पहिल्या दरवाजात उभ्या असलेल्या ट्रेकरला खालून विचारावं, "किती भाकरी टाकू?" नवरा, नथूभाऊ, गेल्यापासून गडाच्या वाटेवरच्या घरात त्या पिठलं-भाकरीची खानावळ चालवतात. सोबतीला लेकीची मुलगी कोमल, लोणावळ्याच्या कॉलेजात शिकणारी. बाईंच्या हाताला चव आहे, जिभेला धार आहे, आणि डोक्यात एक कप्पा आहे, ज्यात गेलेली वस्तू पुन्हा बाहेर पडत नाही. वाडीत त्याला 'मावशीचं लोणचं' म्हणतात. मुरतं, पण नासत नाही.

कामशेतच्या बाजारात एका कांदेवाल्यानं त्यांना कधी काळी तळाशी सडके कांदे घालून दिले होते. दुसरी बाई भांडली असती, दुकान बदललं असतं, विसरली असती. झुंबरबाई आजही दर बाजाराला आधी त्याच्याचकडे जातात. एकेक कांदा उचलतात, दाबतात, वास घेतात, भाव विचारतात. तो बिचारा आशेनं पिशवी उघडून धरतो. मग बाई म्हणतात, "बरे हायेत," आणि शेजारच्या गाळ्यावरून कांदे घेतात. त्याच्या डोळ्यांदेखत. धाकट्या जावेनं एका होळीला त्यांच्या पुरणपोळीला 'जाड' म्हटलं होतं. तेव्हापासून जाऊ जेवायला आली की तिच्या पानात अशी पोळी पडते की पलीकडचा माणूस ओळखू यावा. सोबत प्रश्नही असतोच, "बघ गं, पातळ झाली का?"

अशा बाईच्या वाटेला कैलासनं जायला नको होतं.

गाडीची गोष्ट अशी. मळवली स्टेशनवर पिठाची पोती घेऊन उभं राहायचं, जीपवाल्यानं जीप भरेस्तोवर तिष्ठत ठेवायचं आणि मग पोत्यांसकट मागं फळीवर बसवायचं, याचा बाईंना वीट आला. लोणावळ्यातलं एक निवृत्त मास्तरांचं जोडपं मुलाकडे राहायला निघालं होतं. त्यांची लाल, बुटकी, पाच दारांची गाडी विकायची होती. बोनेट एवढंसं की पोळपाट ठेवला तर लाटणं खाली पडावं. बाईंनी ती गाडी घेतली. कोमल आधीच चालवायला शिकली होती, तिनं भाजे गावाच्या मोकळ्या रानात आजीला शिकवलं. पहिल्याच दिवशी घरच्या अंगणात मागं घेताना खुराडं गेलं. कोंबड्या त्या संध्याकाळी शेजारच्या छपरावर बसल्या आणि बरेच दिवस त्यांनी अंडी दिली नाहीत. परवान्याच्या परीक्षेला साहेबांनी विचारलं, "आजी, या वयात?"

"मग कवा?" बाई म्हणाल्या. "तरुणपणी बैल होते."

परवाना मिळाला. आणि मग त्या लाल गाडीचा बाईंना जो लळा लागला, तो नथूभाऊंच्या वाट्यालाही कधी आला नसावा. दसऱ्याला पूजा, अमावास्येला लिंबू, रोज सकाळी ओल्या फडक्यानं आंघोळ.

इकडे कैलासचं बस्तान भाज्याच्या खाली, मळवलीच्या रस्त्याला. तिथं त्याचं रिसॉर्ट आहे. दारात लाकडी बैलगाडी, तिच्यात कुंड्या, आणि फाटकावर पाटी: 'अस्सल गावरान अनुभव'. गावरान कोंबडी कामशेतच्या चिकन सेंटरातून येते आणि सेंद्रिय भाजी लोणावळ्याच्या मंडईतून, हे सगळ्या मावळाला ठाऊक आहे, फक्त पाहुण्यांना नाही. कैलास माणूस वाईट नाही, पण त्याला उंची लागते. गळ्यातली साखळी जाड, बुटाची टाच जाड, आणि गाडी तर एवढी मोठी की चढायला पायरी आहे. काळी, सात जणांची, मागच्या काचेवर मुलाचं नाव: समर्थ.

त्याच समर्थचं लग्न कामशेतजवळच्या एका लॉन्सवर झालं. या भावकीत एक रीत आहे. नवरदेव मारुतीच्या पाया पडून परण्याला, म्हणजे वाजतगाजत मांडवाकडे, निघाला की त्याच्या वाहनामागं पहिलं वाहन घरातल्या थोरल्या बाईचं. पूर्वी बैलगाड्या होत्या तेव्हापासूनची रीत. सासू असताना सासूची गाडी असायची, आता मान झुंबरबाईंचा. बाई पहाटेच उठल्या. गाडी धुतली, बोनेटला झेंडूची माळ घातली, नवी पैठणी नेसल्या, आणि स्वतः चालवत जाऊन काळ्या गाडीच्या मागं बरोब्बर उभ्या राहिल्या. हात स्टिअरिंगवर, मांडीवर ओवाळणीचं ताट.

वर ड्रोन भिरभिरत होता. व्हिडिओवाल्यानं कैलासच्या कानात काहीतरी सांगितलं. कैलासच्या हातात माईक होता, तो चालू आहे हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, यावर अजून दोन मतं आहेत.

"ती लाल डबी कुणाची हाय? मागं घ्या ती. ड्रोनमदी येतीया. लग्नाची शोभा घालवू नका राव!"

सगळा मंडप हसला. नवरीकडचेही हसले. बँडवाल्यानं तुतारी खाली करून हसून घेतलं. पार्किंगच्या पोरांनी शिट्ट्या मारत लाल गाडी मागं, आणखी मागं, पार आचाऱ्याच्या टेम्पोशेजारी नेऊन लावली, जिथं ताटं विसळत होते. पहिल्या गाडीचा मान कैलासच्या कुणा पुढारी मित्राच्या पांढऱ्या गाडीला गेला.

झुंबरबाईंनी अक्षता टाकल्या, आहेर केला, नव्या सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. जेवल्या नाहीत. टेम्पोच्या चाकाशी साचलेल्या खरकट्या पाण्यातून पैठणी उचलून धरत गाडीत येऊन बसल्या. कोमल शेजारी रडत होती.

"रडू नगंस," बाई म्हणाल्या. "त्यानं ह्या गाडीला डबी म्हनलं ना? ह्याच डबीत तो बसंल. गुडघं हनुवटीला लावून बसंल. आन् अख्ख्या गावाम्होरं बसंल. तवर मी काय मरत न्हाई."

त्या दिवसापासून वाडीला करमणूक सुरू झाली. 'डबीवाली मावशी' हे नाव पोरांच्या तोंडी बसलं ते बसलंच. बाईंनी नावाला हरकत घेतली नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट केलं, एवढंच. समर्थला मुलगा झाला. बारशाला कैलासनं पुन्हा लॉन्स घेतलं. झुंबरबाई आहेर घेऊन आल्या. बाळंतविडा, टोपडं, आणि सगळ्या बायका पाळण्याभोवती जमलेल्या असताना पदराखालून काढलेली एक खेळण्यातली लाल मोटार. ती त्यांनी बाळाच्या उशाशी ठेवली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "बाळाला आवडंल. लहान हाय ना." कैलासच्या कानाच्या पाळ्या मोटारीच्या रंगाच्या झाल्या. बाळानं मात्र ती मोटार अजून सोडलेली नाही, झोपतानाही मुठीत लागते.

पण हा चिमटा झाला. नवस तसाच होता. कैलासला गाडीत बसवायचं कसं? त्याच्याकडे काळी होती, समर्थकडे दुसरी होती, कुठंही जायचं तर ड्रायव्हर हात जोडून उभा. बाईंना रात्र रात्र झोप लागत नसे असं कोमल म्हणते. पण भाकरी मात्र त्याच रागानं थापली जात असल्यामुळं त्या दिवसांत फार मऊ व्हायची.

आणि मग एका दुपारी युरोप जेवायला आला.

उर्स्याच्या बाजूला गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणारा एक कारखाना आहे. तिथं कामाला आलेली मारिया नावाची उंचच उंच गोरी बाई गड उतरून झुंबरबाईंच्या ओसरीवर टेकली. वर्षभर राहून तिचं मोडकंतोडकं हिंदी झालं होतं. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, दोनदा ताक प्यायली, आणि अंगणात पाहून एकदम म्हणाली, "ये गाड़ी किसकी है?"

"माझी," बाई म्हणाल्या, आणि लढायला तयार होऊन बसल्या.

मारिया उठली. गाडीभोवती फिरली, छपरावर थाप मारली, वाकून आत पाहिलं. आई भेटावी तसा तिचा चेहरा झाला होता. "मेरी माँ के पास ऐसी है। इससे भी छोटी।"

"आईकडं? का, गरिबी हाय व्हय घरी?"

कोमलनं आजीला कोपरानं ढोसलं, पण मारियाला प्रश्न समजलाच नाही. तिनं सांगितलं ते कोमलनं मराठी करून दिलं. तिकडं त्यांच्या गावात रस्ते जुने, घोडागाड्यांच्या काळचे, समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ मागावं इतके अरुंद. पेट्रोल महाग. गाडी लावायला जागा मिळाली तर माणूस घरी फोन करून सांगतो. म्हणून तिकडं लहान गाडी लोकांच्या फार आवडीची. डॉक्टर घेतो, मास्तरीण घेते, म्हातारी घेते. मोठ्या गाड्याही आहेत, वाढतायत, पण तिच्या आईच्या गल्लीत तसली कुणी घुसवली की पूर्ण गल्ली गॅलरीत येऊन तमाशा बघते. आणि इकडे उर्स्याला बनतात ते सांगाडे अशाच लहान गाड्यांचे, बोटीनं तिकडं जातात.

झुंबरबाईंनी तव्यावरची भाकरी करपू दिली. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"कोमल, पुन्यांदा इचार. डॉक्टर बी?"

"डॉक्टर पण, आजी."

"आन् मोठ्या गाडीला हसत्यात?"

"तिच्या आईच्या गल्लीत हसतात."

बाईंनी मारियाकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत, उलट तिच्या पिशवीत ठेच्याची बाटली कोंबली. दुसऱ्या दिवसापासून ती एक गल्ली मावळात वाढू लागली. आधी ती गल्लीची गाव झाली, मग देश झाली, मग अख्खा युरोप. "तिकडं मोठी गाडी कुनी दारात उभी करू देत न्हाई," असं बाई पिठलं वाढता वाढता ट्रेकरांना सांगू लागल्या. गायमुख खिंडीत हनुमंतचा चहाचा ठेला आहे. तिथं पोचेपर्यंत त्यात राजे-मंत्रीही लहान गाडीतून फिरायला लागलेले असत.

कैलासच्या कानी गेलं. खिंडीत चहाला थांबला असता तो हनुमंतला म्हणाला, "म्हातारीला युरोप कुटं हाय ते तरी म्हाईत हाय का?"

हनुमंतनं इमानदारीनं तो निरोप संध्याकाळी पोचवला. बाई म्हणाल्या, "मला न्हाई म्हाईत. पर त्याला माझी गाडी म्हाईत हाय."

कैलासला हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच सुमाराला त्याला कारखान्याचे पाहुणे हवे होते. तिकडून येणारे सगळे साहेब शनिवार-रविवार आपल्याच रिसॉर्टला उतरावेत, अशी त्याची खटपट चालू होती. भाद्रपदातल्या एका रविवारी जमलं. मारिया आणि नुकतेच आलेले दोन साहेब, तिघांना गड दाखवायचा, जेवू घालायचं, खूश करायचं. मावळात गोरा माणूस म्हटला की मोठी गाडी, हे कैलासला जेवढं पक्कं ठाऊक होतं तेवढं स्वतःचं नावही नसेल. काळी गाडी दोनदा धुवून घेतली. मारियानं फोनवर सांगितलं होतं म्हणे, की छोटी गाडी चालेल, रविवारी रस्त्याला गर्दी असते. कैलासला वाटलं, बाई भिडस्त आहे.

ही खबर झुंबरबाईंना शुक्रवारीच लागली. बाईंनी कुणाला अडवलं नाही, रस्त्यात दगड टाकला नाही, टायरची हवा सोडली नाही. असली हलकी कामं त्या करत नाहीत. भाजे ते खिंड हा रस्ता पावसाळ्यातल्या रविवारी काय होतो, हे वाडीतलं शेळीचं करडूही जाणतं. कैलासलाही एके काळी ठाऊक होतं. पण आताशा तो रविवारी वर येत नसे. त्याला कुणीतरी आठवण करून द्यायला हवी होती. बाईंनी नाही दिली. एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

शनिवारी त्यांनी गाडी धुतली. पुढची डावी सीट खटकन् मागं सरकवली, पार शेवटच्या खाचेपर्यंत.

"आजी, मागं बसणाऱ्याचे पाय कुठं जातील?" कोमलनं विचारलं.

"मारियाबाईचं पाय लांब हायेत. तिला पुढं बसवायची."

मग मागच्या सीटपुढं, मधोमध, जिथं आधीच उंचवटा आहे, तिथं त्यांनी कांद्याची गोणी ठेवली. शेजारच्या गाळ्यावरचे कांदे, उत्तम.

रविवारी सकाळी बाई खिंडीत हनुमंतच्या ठेल्याशेजारी गाडी लावून बसल्या. गड धुक्यात होता, तेरडा फुलला होता, पुण्या-मुंबईच्या गाड्या चढत होत्या, पोरं ओरडत होती. बाईंनी एक चहा घेतला, दुसरा घेतला. हनुमंत म्हणाला, "मावशी, कशाची वाट बघताय?"

"कशाची न्हाई. हवा खातीया."

मग खालून हॉर्न सुरू झाले. एक, दोन, मग नुसता कल्लोळ. खालून आलेल्या पोरानं बातमी दिली: दुसऱ्या वळणावर काळी गाडी आणि वरून उतरणारा टेम्पो ट्रॅव्हलर एकमेकांना खेटून अडकलेत. काळीचं मागचं चाक गटाराच्या काठावर, आरसा ट्रॅव्हलरच्या खिडकीत. पुढं जाता येत नाही, मागं रांग भाज्यापर्यंत.

बाईंनी कप ठेवला, तोंड पुसलं, कुंकू आरशात पाहिलं आणि गाडी चालू केली. उतरणाऱ्या गाड्यांच्या रांगेच्या कडेनं, दरडीच्या गवताला घासत ती लाल डबी खाली निघाली, तेव्हा गाड्यांमधली माणसं काचा खाली करून बघत होती. वळणाच्या थोडं अलीकडं गुरांची वाट डोंगरात चढते. त्या तोंडात बाईंनी गाडीचं ढुंगण घातलं, एकदा पुढं, एकदा मागं, आणि गाडी फिरवून तोंड वर केलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

काळ्या गाडीशी दोन गोरे रस्त्यात उभे राहून हसत होते, कारण सगळं जग अडकलेलं बघायला त्यांना मजा वाटत होती. कैलास घामानं भिजला होता. ड्रायव्हरला शिव्या, ट्रॅव्हलरवाल्याला शिव्या, आणि मध्येच पाहुण्यांकडे वळून, "टू मिनिट, सर, टू मिनिट!"

"आजी!" मारिया ओरडली आणि धावत आली. साहेबांना आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्यांनी लाल गाडी पाहिली आणि दोघांचे चेहरे उजळले. एकानं तर खिशातून मोबाईल काढून तिचा फोटोच घेतला. काळीचा कुणी घेतला नव्हता.

बाईंनी दार उघडलं. मारिया पुढं बसली, पाय ऐसपैस. साहेब मागं, एक या खिडकीशी, एक त्या खिडकीशी, डोंगर बघायला.

कैलास रस्त्यात उभा. "काकी, तू ह्यास्नी घेऊन जा वर. मी येतो गाडी सुटली की."

"ये की सावकाश," बाई म्हणाल्या. आवाजात साय. "तवर मी बोलते ह्यांच्यासंगं. मारियाबाईला हिंदी येतंय. लय इचारत होती, तुझ्या रिसॉर्टाचं."

"काय... काय सांगशील?"

"जे खरं हाय ते. कोंबडीचं, भाजीचं."

कैलासनं काळ्या गाडीकडं पाहिलं. मागच्या रांगेकडं पाहिलं. मग त्या लाल दाराकडं. ते चारेक पावलांचं अंतर तो कसा चालला, हे ज्यांनी पाहिलं ते सांगतात की पोलीस चौकीत जाणारा माणूसही जरा बऱ्या चालीनं जातो. एका साहेबानं खाली उतरून त्याला अदबीनं मधली जागा दिली.

माणूस बसला. आधी एक मांडी आत गेली, मग पोट, मग दुसरी मांडी. गोणीमुळं पाय खाली जाईनात, सीटमुळं पुढं जाईनात. शेवटी गुडघे वर आले, वर आले आणि हनुवटीखाली स्थिर झाले. सोन्याची साखळी दोन गुडघ्यांच्या मधे लोंबत होती.

"बरं बसलास का?" आरशात बघत बाईंनी विचारलं.

"चल, काकी."

"जाऊ. घाई काय हाय."

खिंडीतून वाडीत जायला एकच रस्ता, पण वाडीच्या आत फिरायला पुष्कळ. झुंबरबाईंनी तो सगळा वापरला. पहिल्या गिअरमध्ये. आधी वरची आळी. सविताच्या दारात थांबल्या. "सविता, डाळ भिजवलीस का गं?" सविता बाहेर आली, खिडकीतून आत डोकावली आणि पदर तोंडाला लावला.

"आत कोन हाय, मावशी?"

"आपला कैलास. त्याची गाडी मोठी हाय ना, ती आली न्हाई."

मग खालची आळी. विहीर. शाळा. विठाबाईच्या ओट्यावर पाच-सहा बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. तिथं बाईंनी इंजिनच बंद केलं, उन्हापावसाच्या गप्पा मारल्या, साहेबांना शेंगा देववल्या. साहेब "नमस्ते, नमस्ते" करत होते. कैलास मान खाली घालू पाहत होता, पण खाली गुडघे होते.

मारुतीच्या देवळापुढं तर पारावर सगळी वाडी जमली होती, कारण हनुमंतनं ठेला सोडून आडवाटेनं पळत येऊन वर्दी दिली होती. पोरं गाडीबरोबर धावू लागली. कोमल पारावर उभी होती, मोबाईल समोर धरून, हात जराही न हलवता. बाईंनी देवाला हात जोडायला गाडी थांबवली आणि डोळे मिटले. देवाशी त्यांचं त्या दिवशी बरंच बोलणं असावं, कारण डोळे लवकर उघडलेच नाहीत.

"काकी," मागून हळू आवाज आला, "पायाला मुंग्या आल्यात."

"येत्यात रे. मला बी आलत्या एकदा, टेम्पोपाशी उभं ऱ्हाऊन."

बाईंनी गिअर टाकला आणि गाडी घराकडं वळवली.

घरी ओसरीवर पानं मांडली. झुंबरबाईंनी पाहुण्यांना वाढलं आणि कैलासला त्याहून जास्त. चौथी भाकरी पडली तेव्हा तो हात आडवा करून म्हणाला, "बास, काकी." बाई म्हणाल्या, "घरचा माणूस तू, लाजतोस कशाला?" आणि वर पिठलं घातलं. दिराच्या पोराला पोटभर वाढण्यात कुणाला काय वावगं दिसणार? फक्त कोमलला कळलं की परतीचा प्रवासही त्याच गाडीतून आहे, त्याच गोणीवरून, आणि आता पोट भरलेलं आहे.

गड बघून परत जाताना साहेबांनी गाडीबद्दल किती विचारलं! किती वर्षांची, किती पळाली, चढाला कशी ओढते. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. रिसॉर्टाबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून कोंबडी वाचली.

त्या रविवारचा कोमलचा व्हिडिओ मावळात लग्नाच्या व्हिडिओपेक्षा जास्त पाहिला गेला. पोरं आता बाईंना 'डबीवाली' म्हणतात ती जरा अदबीनं, आणि कैलासचं नाव 'गोणी' पडलं आहे, पण ते त्याच्या पाठीमागंच.

महिन्याभरानं एक दिवस कैलास अंगणात आला. पायी आला, काळी गाडी भाज्यालाच ठेवून. झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पाट पायानं पुढं सरकवला. तो बसला.

"काकी, कारखान्याचं जमलंय," तो म्हणाला. "पाव्हणं माझ्याकडं उतरनार. पर मारियाबाई म्हनती, गडावर न्यायला तुझीच गाडी पायजे. बाकीची त्यास्नी नगं. आता तूच बघ. लग्नात माझं चुकलं, ते मी मानतो. लय चुकलं. आता दोघांचं बी भलं व्हईल असं कर. मनातलं काढून टाक."

झुंबरबाईंनी सुपातला एक खडा शोधला, चिमटीत धरला, अंगणात भिरकावला. मग पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, माप घेतल्यासारखं.

त्या म्हणाल्या, "गाडी मिळंल. पर दर खेपंला पाव्हण्यांसंगं तू बी यायचंस. मधली जागा तुझी."